अमरावतीच्या घराचं गरम पाणी

गरम पाण्याचं काम माझ्याकडे आलं ते भावानंच सोपवलं म्हणून. अमरावतीत त्याच्या घराचा स्लॅब पडला होता. दर रविवारी तो अकोल्याला फोन करायचा आणि कुठली खिडकी कुठे आली, जिना कसा वळवला, हे आईला आणि मला सांगायचा. एका रविवारी म्हणाला, "ताई, फरशी, रंग, ते सगळं आमी पाहून घेतो. पण आईच्या गरम पान्याचं तू पाह्य. तुलेच समजते ते."

समजत होतं ते खरं. बाबा गेल्यापासून आई आणि मी अकोल्याच्या फ्लॅटमध्ये दोघीच होतो. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथं सांगण्यासारखी नाहीत, आणि आता मला ती महत्त्वाचीही वाटत नाहीत. मी बँकेत होते, आई घरी. आईचे गुडघे आणि बोटांची पेरं दिवाळीनंतर आखडायला लागत, ती होळीपर्यंत. सकाळी कढत पाणी अंगावर घेतल्याशिवाय तिला मूठ वळवता येत नसे. त्यात आमच्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी खारट. नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं यायचं, त्यामुळे गीझरमध्ये बोअरचंच जायचं आणि वर्षभरात त्याच्या कॉइलवर पांढरा, चुन्यासारखा थर बसायचा. मी किती गीझर बदलले ते विचारू नका. मेकॅनिक जिना चढायला लागला की त्याच्या पावलांवरून आई ओळखायची.

तर त्या नव्या घरात आम्ही सगळे एकत्र राहणार होतो. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. भाऊ अमरावतीत कॉलेजात शिकवतो, भावजय दहावीचे क्लास घेते. प्लॉट घेतला तेव्हाच त्यानं कागदावर पेन्सिलनं आकृती काढून दाखवली होती. खाली पुढच्या बाजूला हॉल, मागे आईची खोली, आणि तिच्या शेजारी माझी. "ही आत्याची खोली," असं भाचीनं त्या चौकोनात लिहिलंसुद्धा होतं. भाऊ म्हणाला होता, "ताई, आता बदली माग अमरावतीले. किती दिवस तिकडं दोघीच राहान?" मी बदली मागितली. बँकेतल्या लोकांना वाटलं, ही कधी नाही ते काय मागते आहे.

मी गरम पाण्याच्या मागे लागले ते अगदी मनापासून. साधा गीझर मला नको होता, त्याचा मी पुरेपूर अनुभव घेतला होता. सोलरचा विचार केला, पण भावाच्या प्लॉटच्या दक्षिणेला तीन मजली इमारत उभी होती. हिवाळ्यात, म्हणजे नेमकं जेव्हा ऊन हवं तेव्हा, अर्धी गच्ची तिच्या सावलीत जायची, आणि उरलेल्या अर्ध्या गच्चीवर भावाला विजेचे पॅनल बसवायचे होते. मग बँकेतल्या एका सहकाऱ्यानं हीट पंपाचं नाव काढलं. त्याच्या मावसभावाचं चिखलदऱ्याला छोटं हॉटेल होतं आणि तिथं असं एक मशीन होतं.

मी भावाला फोन केला तर तो हसायलाच लागला. "ताई, ते फॉरेनच्या थंडीतल्या लोकांचं काम. आपल्याकडं थंडी ते केवढी? अन् उन्हाळ्यात तं टाकीतलंच पानी अंग भाजते."

"म्हनूनच तं," मी म्हटलं. "ते मशीन हवेतली गरमी ओढून पान्याले देते. जिथं हवेतच गरमी आहे तिथं त्याले कष्ट कमी. फॉरेनच्या बर्फात त्याले जीव काढा लागते, आपल्याकडं नाई."

"बरं, तू पाह्य. तू पाह्यलं की मले टेन्शन नाई."

आईला समजावायला फ्रिज कामाला आला. तिला मी फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावायला सांगितलं. "आतली गरमी बाहेर फेकते म्हनून पाठ गरम लागते. हे मशीन तसंच, फक्त बाहेरची गरमी आत आनते." आईनं हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "म्हंजे हवेतली गरमी चोरते." मग खूप वेळ ती ते शब्द आल्यागेल्याला ऐकवत होती. हवेतून गरमी चोरणारं मशीन माझी पोरगी घेऊन राहिली, असं.

हिवाळ्यात एका रविवारी मी चिखलदऱ्याला गेले. अकोल्याहून परतवाडा, तिथून वर घाटानं. आईला एका दिवसासाठी शेजारच्या काकूंकडे ठेवलं. हॉटेलचा मालक बोलका माणूस होता. त्यानं मागच्या अंगणातलं मशीन दाखवलं. मोठ्या कूलरएवढा डबा, पुढे पंखा, शेजारी उभी टाकी. पंख्यासमोर हात धरला तर बर्फासारखी हवा आली. हवेतली ऊब काढून घेतल्यावर जे उरतं ते.

"इथं पहाटे याला दम लागतो मॅडम," मालक म्हणाला. "थंडी फार पडली की पाणी तापायला वेळ घेते. तुमच्या अमरावतीत मात्र मजेत चालेल. एक लक्षात ठेवा, याला घाई चालत नाही. गीझरसारखं बटण दाबलं अन् पाणी आलं, असं नाही. हे हळूहळू तापवून टाकीत साठवून ठेवते. टाकी संपली की बसा वाट पाहत. म्हणून माणसं आधी मोजा अन् मग टाकी घ्या."

बसमध्ये मी मनात माणसं मोजत आले. भाचा अंघोळीला उशीर लावतो, भाची केस धुते त्या दिवशी टाकी रिकामी करेल, भाऊ कॉलेजला लवकर जातो. आईचं मात्र सगळ्यात आधी व्हायला हवं, बोटं मोकळी होईपर्यंत ती चहाचा कपही धरत नाही. माझं शेवटी झालं तरी चालेल, बँक दहाची. सहा माणसांची टाकी लागणार होती. मला त्या प्रवासात जेवढा आनंद झाला तेवढा आधी कधी झाला होता ते आठवत नाही. खरं तर मी घर मोजत होते.

पुढचे दोन-तीन महिने मी ह्यातच होते. टाकी आतून कुठल्या धातूची हवी, खाऱ्या पाण्यात ती गंजू नये म्हणून आत एक कांडी बसवतात ती किती दिवसांनी बदलायची, दुरुस्तीला माणूस अमरावतीतच मिळतो का नागपूरहून बोलवावा लागतो, मशीन उघड्यावर ठेवायचं का आडोशाला, हे सगळं लोकांना विचारून झालं. अमरावतीत हे मशीन विकणारी दोन दुकानं होती. त्यातलं एक मला पसंत पडलं, कारण तिथला मुलगा नको तिथं 'हो' म्हणत नव्हता. इंजिनियर झालेला, अंगानं बारीक, सतत मोबाइलकडे पाहणारा, पण विचारलेल्याचं सरळ उत्तर देणारा. मी त्याचं नाव भावाला कळवलं. भाऊ म्हणाला, "मी जाऊन येतो तिथं एकदा, साइटचं माप द्या लागते." मी म्हटलं, जा.

मधल्या काळात माझ्या बदलीची ऑर्डर आली. भावाला फोन केला तर "वा ताई, मस्त" म्हणाला आणि लगेच कुणीतरी दारात आलंय म्हणून त्यानं फोन ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घर बांधणाऱ्या माणसाच्या दारात सारखं कुणीतरी येतच असतं.

एका दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती, म्हणून मी मशीन पक्कं करायला अमरावतीला गेले. भावाला कळवलं नव्हतं. दुकानाचं काम झालं की साइटवर जाऊन त्याला चकित करू, असं मनात होतं. दुकानातल्या मुलानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, मॉडेल तर तुम्ही फायनल केलंच आहे. टाकी कितीची टाकू?"

"सहा माणसं आहेत. तुम्हीच सांगा."

तो जरा थबकला. "सहा? सर तर पाच म्हणाले होते."

"मुलांपैकी एकाला मोजलं नसेल त्यानं."

"नाही, मोजलं ना." त्यानं बोटं पुढे केली. "सर, मॅडम, दोन मुलं आणि आजी. पाच."

"आणि मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं, फक्त एक साधा घोटाळा निस्तरायची घाई होती. "तुम्ही अकोल्याला असता ना मॅडम? सर म्हणाले, माझी बहीण अकोल्याला राहते, ही सगळी माहिती तिनंच काढली. मधून मधून येत जाईल, म्हणाले. पाहुण्यांचं आम्ही धरत नाही. ते धरलं तर मशीन उगाच मोठं होते."

मी 'बरोबर आहे' म्हटलं. मला आजही आश्चर्य वाटतं की त्यानंतर मी उठले नाही. कांडीबद्दल विचारलं, वॉरंटीबद्दल विचारलं, आईच्या बाथरूमपर्यंतच्या पाइपला वरून आवरण लावाल ना, असंही विचारलं. तो सगळ्याचं नीट उत्तर देत होता आणि मी मान हलवत होते. टाकीचं नंतर कळवते, असं म्हणून बाहेर पडले तेव्हा हातातली पर्स आपलीच आहे का दुसऱ्या कुणाची, असं वाटत होतं.

रिक्षात बसल्यावर मी स्वतःला समजावलं. त्याच्याकडून बोलण्यात चूक झाली असेल. दुकानदाराला आपण घरातलं सगळं थोडंच सांगतो? आत्ता मी खरंच अकोल्याला राहते, त्यात खोटं काय? साइट येईपर्यंत माझी जवळजवळ खात्री पटली होती की मीच खुळी आहे.

घराला गिलावा झाला होता. मी सरळ मागे गेले. आईच्या खोलीशेजारचा तो चौकोन आता खोली झाला होता, पण त्याचं दार आतल्या बाजूला नव्हतं. आतलं दार विटांनी बुजवलं होतं. नवं दार बाहेर, बोळातून थेट रस्त्याकडे उघडणारं. जिथं माझं बाथरूम होणार होतं तिथली भिंतच काढून टाकली होती आणि खोली लांबट केली होती. समोरच्या भिंतीवर फळ्यासाठी चौकट आखलेली होती. हिरव्या रंगाचा एक हात मारूनही झाला होता.

भाऊ वरून जिना उतरत आला. मला पाहून थांबला. मागून भावजय.

"ताई! सांगतलं नाई येतो म्हनून."

"ही खोली कोनाची आहे?" मी विचारलं.

तो भावजयीकडे पाहायला लागला. तीच बोलली, "ताई, क्लासला जागा पाहिजे होती. मुलं बाहेरच्या बाहेर येतील-जातील, घरात गडबड नको. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी तुमाले नाई विचारून राहिली. ह्याले विचारून राहिली."

"ताई, मी सांगनारच होतो तुले."

"कधी?"

"वास्तुशांती झाली की."

"म्हंजे मी सामान घेऊन आल्यावर?"

"असं काहून बोलून राहिली तू? अकोल्याचा फ्लॅट आहेच ना. तू तिथं रुळली आहेस. तुही नोकरी तिकडं, मैत्रिनी तिकडं. आईचं आता वय झालं, ते माह्यापाशी राहीन. तुले बी मोकळीक. किती वर्षं केलं तू तिचं."

"माही बदली झाली आहे," मी म्हटलं. "तूच म्हटलं होतं, माग म्हनून."

"म्हटलं होतं. तवाचं वेगळं होतं. ते कॅन्सल होते ना, अर्ज केला तं?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तेच मला सहन होईना. रागावला असता, भांडला असता, तर मीही काही बोलले असते. तो मला एखादी अडचण सोडवायला मदत करावी तसा समजुतीनं बोलत होता. आणि त्याच समजुतीच्या आवाजात त्यानं मला तीन महिने कांड्या आणि टाक्या पाहायला लावलं होतं. मी चिखलदऱ्याहून त्याला फोन केला होता, थंड हवेत हात धरून, हसत हसत. तेव्हा हे दार बुजवून झालं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

"आईले ठाऊक आहे?"

त्यानं चपलेनं फरशीवरची वाळू बाजूला केली. "आईलेच विचार."

मी परतीच्या बसमध्ये बसले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. शेजारची बाई संत्री सोलून खात होती, तिनं दोन फोडी माझ्यापुढे केल्या. त्या मी घेतल्या, खाल्ल्या आणि तिला कुठे उतरणार वगैरे विचारलं. आईला ठाऊक नसेल, हे मी वाटेत ठरवून टाकलं होतं. भावानं तिलाही फसवलं असेल. आम्ही दोघी एका बाजूला असू. मग जे काय होईल ते होऊ दे.

आई टीव्हीसमोर बसून शेंगा फोडत होती. तिची बोटं आता उन्हाळा जवळ आल्यामुळे सुटली होती. मी चप्पलही काढली नाही.

"आई, अमरावतीच्या घरात माही खोली नाई, हे तुले ठाऊक होतं?"

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. शेंगांचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "हाव," म्हणाली.

"कवापासून?"

"दिवाईले आला होता ना तो. तवा बोलला मले."

दिवाळी. म्हणजे चिखलदऱ्याच्या आधी. मी फ्रिजच्या पाठीवर तिचा हात ठेवला त्याच्या आधी.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? तू रागावली असती. तो म्हने, मी सांगतो ताईले, तू मधात पडू नको. त्याच्या घरात मले राहा लागते ना बाई. सुनेशी कुठी वाकडं घेऊ मी?"

"अन् मी मशीन पाहत फिरून राहिली, ते पाहून तुले काईच नाई वाटलं?"

आईनं पदरावरची शेंगांची फोलपटं झटकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वाटलं ना. पन तू पाह्यलं तं चांगलं येईन, असं बी वाटलं. तो काईबी लावून देईन. त्याले कुठी समजते? माह्या हातापायाचं तुलेच समजते."

हे ती खरं बोलली, आणि ते ऐकण्यापेक्षा ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. भावाचं मला समजलं होतं. त्याला जागा हवी होती, बायकोचं ऐकायचं होतं, मोठ्या बहिणीला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. असे भाऊ असतात. पण आई रोज सकाळी मी तापवलेल्या पाण्यानं अंघोळ करून, माझ्या हातचा चहा पिऊन, मला विचारायची, "मंग काय म्हने तो मशीनवाला?" मी सांगायचे आणि ती ऐकायची. इतके महिने. मला तसंच मशीनच्या मागे जाऊ दिलं तिनं.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाक केला. दोघींनी जेवण केलं. काय बोललो ते आठवत नाही.

बदली रद्द करायचा प्रयत्न मी केला नाही. मॅनेजर म्हणाले, माझ्या जागी येणारा माणूस अकोल्यात घर शोधतोय, पण खटपट केली तर होईल. मी नको म्हटलं. त्या फ्लॅटमध्ये एकटीनं राहणं मला जमलं नसतं, आणि 'ताई तिकडं रुळली आहे' हे भावाचं वाक्य मला माझ्या हातानं खरं करून द्यायचं नव्हतं. अमरावतीत भावाच्या घरापासून बऱ्याच लांब, एका रिटायर्ड शिक्षिकेच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

जायच्या आधी दुकानातल्या त्या मुलाचा फोन आला. "मॅडम, टाकीचं कळवणार होता तुम्ही. सर म्हणतात, ताईला विचारून टाका."

माझ्या मनात आलं, सांगावं, सरांनाच विचार, मला काय करायचंय. मग आईची बोटं आठवली.

"पाच माणसांची," मी म्हटलं.

त्याला ऐकू गेलं नसावं. तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला. मी पुन्हा सांगितलं. शिवाय म्हटलं, टाकी आईच्या बाथरूमच्या डोक्यावर येऊ दे, म्हणजे पहिलं पाणी तिलाच गरम मिळेल. तो म्हणाला, "ओके मॅडम, परफेक्ट."

आई पावसाळ्याआधी भावाकडे गेली. टेम्पोत तिचं कपाट, पलंग आणि देव गेले. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही. फ्लॅट तिच्या नावावर होता, त्याला कुलूप लागलं, किल्ली भावाकडे गेली. वास्तुशांतीला मी गेले. लोकांनी विचारलं, तुम्ही इथं कधी येणार राहायला? भावजय म्हणाली, ताईंना बँक लांब पडते.

पौषात भावाचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"ताई, ते मशीन काई काम करून नाई राहिलं. पानी कोमट येते. आईचे हात पुन्हा धरले. कंपनीचा मानूस म्हनते, मशीन बराबर आहे. तू येऊन पाह्य ना एकदा."

गेले. नाही म्हणता आलं नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. आत शिरताना क्लासच्या खोलीतून मुलांचा आवाज येत होता, सगळी मिळून कुठलंसं सूत्र घोकत होती. मशीन मला गच्चीवर दिसेना. भाऊ मला घराच्या मागच्या बाजूला, बाथरूमचे पाइप उतरतात त्या अरुंद डक्टपाशी घेऊन गेला. तिथं चारी बाजूंनी भिंती, वर पत्रा, आणि मध्ये ते मशीन कोंबून बसवलेलं. मशीन गच्चीवर लावलं तर त्याच्या पंख्याचा आवाज बेडरूममध्ये येईल असं भावजयीला वाटलं होतं. दुकानातला मुलगा नको म्हणत होता, तरी ह्यांनी तिथंच लावून घेतलं. मी पंख्यापाशी वाकले. आत नुसता गारठा साठला होता. मशीन स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा पुन्हा आत ओढत होतं. त्याला गरमी मिळणार कुठून?

"वर न्या लागीन," मी म्हटलं. "मोकळ्या हवेत. बाकी काई खराब नाई."

भावानं कपाळावर हात मारला. "तू असती तं हे झालंच नसतं, ताई."

त्याला खरंच तसं वाटत होतं. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. भावजय चहा घेऊन आली होती, तिच्या मात्र आलं असावं, कारण ती कप ठेवून लगेच आत गेली.

मी आईकडे जाऊन बसले. ती शाल गुंडाळून पलंगावर होती. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे तो क्लास. तिनं माझा हात हातात घेतला, पण बोटं वळत नव्हती म्हणून नुसता त्यावर ठेवला.

"राह्य ना आज," म्हणाली.

"कुठी राहू?"

"माह्यापाशी. हा पलंग मोठा आहे."

"उद्या बँक आहे," मी म्हटलं.

मला वाटलं होतं की तिला असं पाहून माझ्यातलं काहीतरी विरघळेल. वाईट वाटलं, खूपच वाटलं. तिची बोटं मी थोडा वेळ चोळून दिली. पण तिच्याकडे पाहताना मला सारखा तिचा तो अकोल्यातला चेहरा दिसत होता, "मंग काय म्हने तो मशीनवाला?" असं विचारणारा. ही दोन्ही माणसं एकच आहेत, हे माझ्या मनाला अजून पटत नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

आठवड्याभरात मशीन वर गेलं. आईचा फोन आला, संध्याकाळी, मी बँकेतून येऊन नुकतीच टेकले होते.

"आता बम कढत पानी येते बाई. तू सांगतलं तसंच झालं. हात बी मोकळे झाले."

"बरं झालं," मी म्हटलं.

तिच्याकडून टीव्हीचा आवाज येत होता. तिला अजून काही बोलायचं असावं असं वाटलं, म्हणून मी थांबले. पण तिनं एवढंच विचारलं, "तू जेवली का?"

मी 'हाव' म्हटलं. जेवले नव्हते.